‘आधी तुझं डी वाढू दे’ म्हणत किती थांबायचं?

प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, थोडक्यात)

मी ३२ वर्षांची आहे. कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाला अडीच वर्षं झाली. दीड वर्षापासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी पहिल्यापासून लांबते. कधी चाळीस दिवसांनी येते, कधी पन्नास. गेल्या वर्षी ऑफिसतर्फे तपासणी झाली, त्यात व्हिटॅमिन डी ९ निघालं. नणंदेनं एक व्हिडिओ पाठवला. त्यात सांगितलं होतं की डी ५० च्या वर गेल्याशिवाय गर्भ राहत नाही. तेव्हापासून घरात तोच विषय. मेडिकलमधून डीचं साठ हजार युनिटचं पाकीट आणून आठवड्याला एक असं आठ आठवडे घेतलं. परवा पुन्हा तपासलं तर २७, आणि रिपोर्टवर जाड अक्षरात ‘इनसफिशियंट’. सासूबाई म्हणतात, ‘स्कार्फ-सनकोट घालून फिरतीस, दिवसभर एसीत बसतीस, मग अंगाला ऊन लागणार कुठनं?’ त्या मला सकाळी कोवळ्या उन्हात बसवतात आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायला लावतात. मेडिकलवाले म्हणतात, सहा लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन टाका. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. डॉक्टरकडे जाऊया म्हटलं की म्हणतात, ‘आधी तुझं डी नीट होऊ दे, मग बघू.’ इंजेक्शन घेऊ का? डी ५० होईपर्यंत थांबायचं का? आणि खरंच माझ्या डीमुळंच सगळं अडलंय का?

उत्तर

ताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देते. इंजेक्शन घेऊ नका. आणि थांबू तर अजिबात नका. तिसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असंच आहे, पण ते माझ्या शब्दावर घेऊ नका. तुमचे दोन्ही रिपोर्ट काढा आणि माझ्याबरोबर वाचा.

त्या २७ च्या पुढं बारीक अक्षरात मोजमाप छापलेलं असेल: नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. आपल्याकडच्या बहुतेक लॅब याच मापात आकडा देतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत आणि ऑस्ट्रेलियात मात्र हेच डी नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आणि तो आकडा आपल्या आकड्याच्या अडीचपट येतो. आपल्याकडचं २० म्हणजे तिकडचं ५०. घोडं कुठं पेंड खातंय ते लक्षात आलं का? तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही, त्यामुळं त्यातल्या माणसानं ५० कुठून आणलं हे छातीठोकपणे सांगणार नाही. पण परदेशी लेखातलं ५० उचलायचं आणि आपल्या मापाला चिकटवायचं, हा घोळ होणं फार सोपं आहे. त्या मापात धरलं तर तुमचं आजचं डी ६७ च्या आसपास भरतं. ज्या रेषेपायी घरात रोज धुसफूस चाललीय, ती तुम्ही कधीच ओलांडलेली असण्याची शक्यता आहे.

राहिला तो ‘इनसफिशियंट’चा शिक्का. २०११ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांनी एकाच वर्षात दोन वेगळ्या रेषा आखल्या. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन म्हणाली, जवळपास सगळ्यांच्या हाडांना २० पुरतं. एंडोक्राइन सोसायटी म्हणाली, २० च्या खाली कमतरता आणि २० ते ३० म्हणजे अपुरं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅबनी दुसरी रेषा उचलली. मग २०२४ मध्ये त्याच एंडोक्राइन सोसायटीनं ही ३० ची रेषा मागं घेतली, आणि धडधाकट माणसांची डी तपासणी सरसकट करत बसू नका असंही सांगितलं. रिपोर्टचा छापील साचा मात्र कुणी बदलला नाही. त्यामुळं २७ वाल्या बाईला अजूनही ठळक अक्षरात दम भरला जातो.

तुमचं पहिलं ९ मात्र खरंच कमी होतं. १२ च्या खाली डी गेलं की हाडं मऊ पडायचा धोका सुरू होतो. त्यावर उपचार केलेत हे चांगलंच झालं.

आता गर्भधारणेचं. डीचा आणि त्याचा काही संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. अंडाशयात, गर्भाशयाच्या अस्तरात आणि पुढं वारेतसुद्धा डी ओळखणारे रिसेप्टर आहेत. निसर्गानं ते उगाच ठेवलेले नसावेत. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या बायकांवरचे ११ अभ्यास २०१८ मध्ये एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांचं डी पुरेसं होतं त्यांना मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. व्हिडिओवाले इथवर येतात आणि थांबतात. पण ज्या घरांसमोर चारचाकी उभी असते त्या घरातल्या पोरांना दहावीला मार्क जास्त पडतात, म्हणून कुणी मार्कांसाठी गाडी घेत नाही. डी चरबीत विरघळणारं आहे. वजन जास्त असेल तर ते चरबीत मुरतं आणि रक्तात कमी दिसतं. वजन जास्त असलं की बऱ्याच जणींचं बीज वेळेवर फुटत नाही, ते वेगळं. मूळ एकच, त्याची दोन टोकं आपल्याला दिसतात आणि आपण एका टोकाला दुसऱ्याचं कारण ठरवून मोकळे होतो.

हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे डी कमी असलेल्या बायका घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना डी द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी द्रावण द्यायचं, आणि पुढं काय होतं ते पाहायचं. इटलीत हे झालं. टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू होणाऱ्या, ४० च्या आतल्या आणि ३० पेक्षा कमी डी असलेल्या ६३० जणी त्यात होत्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला. डी घेतलेल्यांचं डी अर्थातच वाढलं. गर्भ मात्र डी घेतलेल्यांपैकी ३७ टक्के जणींना राहिला, आणि न घेतलेल्यांपैकी ४० टक्के जणींना. म्हणजे फरक नाही. आणि त्यांना दिलेला डोस किती होता माहितीय? एका दमात सहा लाख युनिट, तोंडावाटे. तुमचे मेडिकलवाले सांगताहेत तोच आकडा.

हा अभ्यास टेस्ट ट्यूबवाल्या बायकांचा आहे, घरच्या घरी प्रयत्न करणाऱ्यांचा नाही, हे मान्य. पण भारतातल्या बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त लोकांचं डी कमी निघतं. नुसत्या कमी डीनं पाळणा अडला असता तर कोल्हापुरातली प्रसूतिगृहं ओस पडली असती.

मग डी सुधारायचं कशाला? तुमच्या हाडांसाठी, स्नायूंसाठी, आणि उद्या दिवस गेले तर बाळासाठी. पोटातलं बाळ डी आईकडूनच घेतं आणि जन्मताना त्याच्या अंगात जो साठा असतो तो आईच्या साठ्यावर ठरतो. अंगावरच्या दुधात डी फार थोडं उतरतं, म्हणून तर बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात. गरोदरपणात डी देत राहावं असं २०२४ च्या त्या सूचनांतही आहे. तेव्हा गोळी बंद करू नका, फक्त तिच्याकडं पाळण्याची किल्ली म्हणून बघू नका.

इंजेक्शन का नको, ते सांगते. आठ आठवडे साठ-साठ हजार म्हणजे ४,८०,००० युनिट तुमच्या अंगात गेलीत, आणि ९ चं २७ झालंय. औषधानं काम केलंय. आता गरज आहे ती पातळी टिकवण्याची. त्यासाठी बहुधा महिन्यातून एक साठ हजारचं पाकीट पुरतं. हिशेब केला तर ते दिवसाला २,००० युनिट पडतं. किंवा रोजची लहान गोळी. कुठलं घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या, मेडिकलच्या काउंटरवर नको. पाकीट रिकाम्या पोटी घेऊ नका. जेवणानंतर दुधातून घेतलं तर चांगलं शोषलं जातं. पुढची तपासणी तीन महिन्यांच्या आत करून पैसे घालवू नका, कारण रक्तातला आकडा सावकाश स्थिरावतो.

एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा, हा हिशेब डीला लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिलं. २०१० च्या त्या निकालात डी घेतलेल्या बायका उलट जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. तुम्ही सत्तरीच्या नाही, पण सहा लाख एकदा टोचले की काढून घेता येत नाहीत. जास्तीचं डी लघवीवाटे निघूनही जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान. पुढं मूतखडा आणि किडनीवर ताण. साठ हजारचं पाकीट आठवड्याचं असतं हे न कळल्यानं ते रोज घेणारी माणसंही असतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ते रोज चालू असेल तर आजच बंद करा आणि कॅल्शियम तपासून घ्या.

आता कोवळं ऊन. सासूबाईंना दुखवायचं नाही, पण सकाळी सातच्या उन्हात डी जवळपास तयारच होत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य कलता असताना वातावरणातच अडतात. साधी खूण सांगते: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात डीचं काम फारसं होत नाही. किरणोत्सवात अंबाबाईच्या मूर्तीवर येणारी मावळतीची किरणं डोळ्यांचं पारणं फेडतात, डीसाठी मात्र तीही कामाची नाहीत. कोल्हापूरला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी साडेबाराच्या आसपास. मेच्या पहिल्या आठवड्यात तर तो इतका सरळ डोक्यावर असतो की भर दुपारी सावली पायाखाली गडप होते. डिसेंबरातही दुपारची सावली आपल्यापेक्षा आखूडच पडते. म्हणजे पावसाळ्याचे ढगाळ महिने सोडले तर आपल्याकडं वर्षभर दुपारी डीचं ऊन आहे.

पतसंस्थेतल्या जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर किंवा फाटकाबाहेर पंधरा-वीस मिनिटं, बाह्या वर सरकवून, आठवड्यातून तीन-चार वेळा. सावळ्या कातडीला थोडं जास्त लागतं. त्वचा लाल होईपर्यंत किंवा चटका बसेपर्यंत थांबायचं नाही. काचेआडून येणारं ऊन चालत नाही, काच हे किरण अडवते. बाकी धुळीत गाडी चालवताना स्कार्फ बांधता तो खुशाल बांधा. तुमच्या ऑफिसातल्या, वस्तीतल्या स्कार्फवाल्या किती बायकांना मुलं आहेत, तेवढं सासूबाईंना एकदा मोजायला सांगा!

धारोष्ण दुधाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात, ते कोल्हापूरकराच्या अभिमानाचं आहे आणि मी तो अभिमान समजू शकते. पण म्हशीच्या दुधात मुळातलं डी नावालाच असतं. आणि कच्च्या दुधातून ब्रुसेल्ला, लिस्टेरिया यांसारखे जंतू येऊ शकतात, ते गर्भपात घडवू शकतात. दिवस जाण्याची वाट पाहणाऱ्या बाईनं आणि गरोदर बाईनं कच्चं दूध पिऊ नये, कितीही ताजं असो, गोठा कितीही ओळखीचा असो. दूध जरूर प्या, कॅल्शियम आणि प्रथिनांसाठी ते चांगलंच आहे, पण उकळून. पिशवीवर निळी ‘प्लस एफ’ची खूण असेल तर त्या दुधात डी घातलेलं असतं, तेही लिटरमागे दोन-तीनशे युनिटच. अंड्याच्या बलकात थोडं, बांगडा-तारलीसारख्या तेलकट मासळीत बऱ्यापैकी. मटणात फारसं नाही, त्यामुळं रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याला डीचं निमित्त करू नका. तो तसाच जेवावा.

डीचा विषय इथं संपवते. त्याच्या गोंधळात तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी कोपऱ्यात राहिल्यात, आणि माझ्या मते त्याच महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे तुमची पाळी. ती तुम्ही एका वाक्यात उरकलीत, ‘पहिल्यापासून लांबते’ म्हणून. अठ्ठावीस-तीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईला वर्षातून बारा-तेरा वेळा संधी मिळते. तुम्हाला फार तर आठ-नऊ, आणि त्यातही दर वेळी बीज फुटतंच असं नाही. ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबणारी पाळी डॉक्टरच्या दृष्टीनं अनियमितच. यामागं पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळं बीज वेळेवर न फुटणं) असू शकेल, थायरॉइड असू शकेल, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असू शकेल. यातलं काय आहे ते दोन-तीन रक्ततपासण्या आणि एक सोनोग्राफी एवढ्यात बरंचसं कळतं. पीसीओएस निघालं तर बीज फुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या हा आज जगभर पहिला उपचार मानला जातो. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरवल्यानंही पाळी बऱ्याचदा मार्गावर येते. थोडक्यात, तुमच्या अडचणीवर सरळ, स्वस्त उपाय असण्याची शक्यता चांगली आहे, आणि आपण सहा लाखांच्या इंजेक्शनवर बोलतोय. जखम मांडीला, मलम शेंडीला!

पाळी लांबते म्हणून आणखी एक गोष्ट तुमच्या बाबतीत घाईची आहे. फोलिक ॲसिड चालू आहे का? पत्रात त्याचं नावसुद्धा नाही. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटावी म्हणून आईच्या अंगात फोलिक ॲसिड आधीपासून असावं लागतं, किमान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ज्यांची पाळी पन्नास दिवसांवर जाते त्यांना ‘या वेळी चुकलीय’ हे कळेपर्यंत ती नळी मिटूनही गेलेली असू शकते. मूल हवं असणाऱ्या बाईनं एकच गोळी घ्यायची झाली तर मी डीच्या आधी हिचं नाव घेईन. मधुमेह, फिटची औषधं, किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष असं काही असेल तर डोस मोठा लागतो, तो डॉक्टर ठरवतील. आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. त्यावर व्हिडिओ फिरत नाहीत, बहुतेक त्यात नवीन काही नाही म्हणून.

दुसरी गोष्ट, तुमचे मिस्टर.

माझ्याकडं येणाऱ्या फायली मी वर्षानुवर्षं बघतेय. बाईची फाइल जाडजूड असते. डीचे दोन रिपोर्ट, थायरॉइडचे तीन, दोन वेगवेगळ्या सोनोग्राफी, कुणाचं तरी आयुर्वेदिक औषधाचं पत्रक, मधे घडी घातलेली अंगाऱ्याची पुडी. सगळं बघून मी विचारते, ‘यजमानांचा रिपोर्ट?’ मग शांतता. ‘त्यांना काही त्रास नाही ना,’ असं उत्तर येतं. ताई, शुक्राणू कमी असले की त्रास काहीच होत नाही. माणूस ठणठणीत दिसतो, संबंध व्यवस्थित असतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो, कधी एकट्याचा, कधी दोघांचा मिळून. ‘आधी तुझं डी नीट होऊ दे’ या वाक्यानं तुमच्या घरात एक काम फार सोयीस्कर झालंय: मिस्टरांची तपासणी बेमुदत पुढं ढकलली गेलीय. ते मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा ती नुसती भीती असते.

आणि त्यांच्या बाबतीत तपासायला खास कारणही आहे. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गानं ती बाहेर ठेवलीत. फौंड्रीत भट्टीसमोर आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाच्या शुक्राणूंवर त्या उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. तुमचे मिस्टर ऑफिसात, मशीन शॉपमध्ये किंवा डिस्पॅचला असतील तर प्रश्नच वेगळा. गालात मावा असतो का? तंबाखूनंही शुक्राणूंचा दर्जा घसरतो. (कोल्हापुरातल्या तरण्या वाचकांसाठी: जिममध्ये अंग भरण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इतकं की ते औषध कधीकाळी पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं गेलंय.) शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून आज मावा सोडला तर त्याचा फरक तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टात दिसेल, पुढच्या आठवड्याच्या नाही. थांबण्यात तोटा आहे तो असा.

तपासणी म्हणाल तर सोपी आहे. सुई नाही, उपाशी राहणं नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि लॅबमध्ये जाऊन नमुना द्यायचा. घरून न्यायचा असेल तर लॅबनं दिलेल्याच डबीत, अंगाच्या उबेत ठेवून, तासाभराच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख हा खालचा आकडा धरलाय. पण डीच्या आकड्याचं तुमच्याकडं जे झालं तेच याचं करू नका. एका रिपोर्टवर कुणाला ‘फेल’ ठरवायचं नाही. कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. कोल्हापुरात ओळखीचं कुणी भेटेल अशी मिस्टरांना धास्ती असेल तर मिरज-सांगलीला जा. बरीच जोडपी जातात.

मिस्टरांशी बोलताना रिपोर्ट-रिपोर्ट खेळू नका. ‘माझं झालं, आता तुमचं’ असं म्हटलं की ती बाजी होते आणि पुरुष हट्टाला पेटतात. मी असते तर रात्रपाळी नसलेल्या दिवशी, सासूबाई समोर नसताना, एवढंच म्हटलं असतं: ‘अहो, डॉक्टर दोघांचे कागद मागणार आहेत. तुमचा तयार असला तर एका खेपेत काम होईल.’ नणंदेला उत्तर देत बसू नका. सासूबाईंना मात्र एक काम द्या, कारण त्यांना खरंच काहीतरी करायचंय. दूध उकळून द्या म्हणावं, आणि दुपारच्या उन्हात त्यांनीही गच्चीवर यावं. त्यांच्या वयाला डीची गरज तुमच्याएवढीच आहे, हाडांच्या हिशेबानं जरा जास्तच.

इतर वाचकांसाठी थोडं. वय ३५ च्या आत असेल, पाळी नियमित असेल, तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरकडं जावं. ३५ च्या पुढं सहा महिने. पाळी अनियमित असेल, ओटीपोटाचं ऑपरेशन किंवा घरात टीबी झालेला असेल, पाळीत असह्य दुखत असेल, तर वर्षभर वाट पाहायचं कारण नाही. टीबीचं मुद्दाम लिहितेय. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्यामागं टीबी असू शकतो, आणि तो कधीकधी खोकल्याशिवाय, तापाशिवाय आत शांतपणे काम करून गेलेला असतो. डी कमी निघालं तर उपचार आणि प्रयत्न बरोबरीनं चालू द्या. एकासाठी दुसरं थांबवायचं काही कारण नाही. खासगी खर्च झेपत नसेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथं सुरुवात करा.

तुम्ही स्वतः, ताई, याच आठवड्यात वेळ घ्या. दीड वर्ष झालंय आणि पाळी लांबते, म्हणजे दोन्ही बाजूंनी तुमची मुदत उलटलीय. गेल्या सहा-आठ पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या, डीचे दोन्ही रिपोर्ट न्या, आठ पाकिटं घेतल्याचं सांगा. घरी तोवर दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवलेत तर बीज कधी फुटलं याचा हिशेब ठेवत बसावं लागत नाही. लांबणाऱ्या पाळीत तो हिशेब तसाही चुकतो. मिस्टर आले नाहीत तर एकट्या जा, रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून घ्या, फोलिक ॲसिड सुरू करा. पण गर्भनलिकांची तपासणी, दुर्बीण, टेस्ट ट्यूबचं पॅकेज, यातल्या कशालाही मिस्टरांचा रिपोर्ट टेबलावर येईपर्यंत होकार देऊ नका. डॉक्टरनी आग्रह केला तर कारण विचारा, आणि ते पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.